शोलावरमची गाडी अन् जऊळक्याचा साडू

जिनदासला कोणी विचारलं असतं की बाबा, तुला आयुष्यात कमी काय आहे, तर त्याला धड सांगता आलं नसतं. वाशीमला पाटणी चौकाच्या पुढं स्पेअर पार्टचं दुकान, वरती राहतं घर, मुलगा संयम नाशिकला नोकरीवर, आणि बायको त्रिशला अशी की तोंडावर बोलायला कमी करणार नाही, पण जेवणाची वेळही कधी चुकवणार नाही. दुखणं एकच होतं, आणि ते साडूचं होतं. पारस त्याचं नाव. त्रिशलाच्या धाकट्या बहिणीचा, खुशबूचा नवरा. जऊळक्याला कापडाचं दुकान. आता जऊळका ते काय, रेल्वे थांबते म्हणून लोकांना नाव तरी माहीत. आणि वाशीम म्हणजे जिल्ह्याचं गाव! तरी कारंज्याला सासुरवाडीत मोठा जावई दारात उभा राहिला की सासरे त्याच्या खांद्यावरून मागं बघत विचारणार, "पारस नाई आले?" बाप्पा, जळायला माणसाला याहून अधिक काय लागतं?

बरं, पारसनं त्याचं काही वाकडं केलं होतं म्हणावं तर तेही नाही. उलट भेटला की वाकून पाया पडायचा. तेच तर जिनदासला खुपायचं. शत्रूसारखा वागला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. पारसनं घर बांधलं, ते जिनदासच्या घरापेक्षा मोठं झालं. मंदिरात पारसनं भजन म्हटलं की बाया डोळे पुसायच्या. जिनदासनं म्हटलं की माईकवाला आवाज कमी करायचा. लग्नात पारसभोवती पोरं गोळा व्हायची आणि जिनदासला लोक विचारायचे, "भाऊ, बोलेरोची क्लच प्लेट आली काय?"

एक मुलूख मात्र जिनदासचा एकट्याचा होता. तिथं पारसचा पायही पडला नव्हता.

त्याचं असं झालं. जिनदासच्या बापाच्या वेळेस दुकानात माल मद्रासहून यायचा, आणि पार्ट गुंडाळलेले असायचे तिकडच्या इंग्रजी पेपरात. पोरगा जिनदास ते पेपर हातानं सरळ करायचा, गादीखाली दाबून ठेवायचा. खेळाच्या पानावर मद्रासजवळच्या शोलावरमच्या मोटार-शर्यतीचे फोटो असत. लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी, तिच्यावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि त्यांच्यामधून सुटलेल्या बिनटपाच्या गाड्या. माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर. कारखान्यातून आलेल्या गाड्या थोड्या, बाकी सगळ्या गॅरेजात ठोकून बनवलेल्या. कोणाची चेसिस, कोणाचं इंजिन, वरून पत्रा. असल्या गाडीच्या अंगावर नाव नसतं. पण जिनदासच्या हाताखालून फियाटचे, अ‍ॅम्बॅसेडरचे, हेराल्डचे पार्ट जन्मभर गेले होते. पत्रा कसाही वाकवा, आतली गाडी त्याला बाहेरून समजायची. मद्रास त्यानं अजून पाहिलेलं नाही, शर्यत तर नाहीच नाही. तरी फोटो हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "ही अ‍ॅम्बॅसेडर. थोबाडावर जाऊ नका, हिच्या चाकाचे हब पाहा."

हे कौतुक वाशीमात कोणाला असणार! लोक म्हणायचे, जिनदासभाऊले लहानपणी गाडी भेटली नाई, त्याचं हे होये. पण चार-पाच वर्षांखाली संयमनं त्याला मोबाईलवर एका ग्रुपमध्ये टाकलं आणि जिनदासचं नशीब उघडलं. चेन्नईचे एक म्हातारे मेजरसाहेब तो ग्रुप चालवत. त्यांचे वडील शर्यतींचे फोटो काढायचे. मरताना पेट्याच्या पेट्या ठेवून गेले, पण कोणत्या फोटोत कोणती गाडी, याचा पत्ता नाही. मेजरसाहेब फोटो टाकायचे आणि विचारायचे, ही गाडी ओळखा. कलकत्त्याचे, कोइमतूरचे, बंगलोरचे मोठमोठे शौकीन तिथं डोकं खाजवत बसायचे, आणि जिनदास कॅटलॉग वाचून कमावलेल्या इंग्रजीत दोन ओळींत उत्तर द्यायचा. एकदा मेजरसाहेबांनी लिहिलं, "वादच नको, वाशीमला विचारा." ते वाक्य जिनदासनं दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवलं. ट्रॅक्टरचा बेअरिंग घ्यायला आलेल्या माणसालाही.

आणि मग स्वतःच्या हातानं त्यानं वाटोळं करून घेतलं. खुशबूच्या घरी वास्तूची पूजा होती. नव्या घराच्या फरशा पाहून जिनदासच्या पोटात आधीच दुखत होतं. त्यात सासरे म्हणाले, "पारसनं नाव काढलं." मग याच्यानं राहवेना. काढला मोबाईल, दाखवले फोटो, दाखवलं मेजरसाहेबांचं वाक्य. सासऱ्यांना काही समजलं नाही. पारस मात्र खुर्ची सरकवून जवळ बसला, डोळे मोठे करून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, मलेबी टाका ना याच्यात."

तेव्हाच नाही म्हणायचं! पण फुगलेल्या माणसाला सुचतं कुठं? जिनदासनं स्वतः पारसला ग्रुपमध्ये घेतलं.

महिना गेला नाही तोच पहिली ठिणगी पडली. मेजरसाहेबांनी एक फोटो टाकला. जिनदासनं गाडी बरोबर सांगितली आणि साल लिहिलं पासष्टच्या आधीचं. खाली पारसचा संदेश, तोही हिंदीत, "गाडीचं मला समजत नाही. पण साल त्र्याहत्तरच्या आधीचं नाही. दोरीपाशी उभ्या पोराच्या पँटची मोहरी पाहा, शर्टाची कॉलर पाहा. त्याच्या बाजूच्या बाईच्या अंगावर मोठ्या फुलांचं नायलॉन आहे. त्या छापाचा एक तागा आमच्या माळ्यावर बापाच्या वेळचा पडून आहे." कलकत्त्याच्या एकानं शर्यतीचं जुनं पत्रक शोधून टाकलं. साल निघालं त्र्याहत्तर. मेजरसाहेबांनी लिहिलं, "आता वाशीमबरोबर जऊळक्यालाही विचारावं लागेल."

जिनदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी पाहाची तं हा लुगडे पाह्यते!" तो त्रिशलावर ओरडला. "हे काय ओळखणं होये?"

त्रिशला तूर निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "त्याले गाड्या नाई दिसत, तुमाले माणसं नाई दिसत. झालं बरोबर."

"तू त्याचीच बाजू घे!"

"मी तुरीची बाजू घेऊन राह्यली. खडे लय हायत."

तेव्हापासून हे नेहमीचं झालं. फोटो आला की जिनदास चाकं बघायचा आणि जऊळक्याला पारस गर्दी बघायचा. वर त्याचा फोन यायचा, "भाऊ, गाडी तुमी सांगा, साल मी सांगतो. आपली दोघाईची जोडी झाली पाहा!" पारस मनापासून हसायचा. इकडं जिनदास फोन कानाला लावून दात खात बसायचा. जोडी म्हणे! चाळीस वर्षं पेपर सरळ करत बसलो मी, अन् जोडीला हा आयत्या बिळावरचा नागोबा!

भाद्रपदाच्या तोंडावर मेजरसाहेबांनी जाहीर केलं की फोटोंचं पुस्तक निघतंय. ज्यानं गाडी ओळखली त्याचं नाव त्या फोटोखाली. एक शेवटचा फोटो उरलाय, तो सगळ्यात देखणा, तोच कव्हरवर जाणार, आणि ओळखणाऱ्याचं नावही तिथंच, कव्हरवर. मुदत अनंत चतुर्दशीपर्यंतची. त्यानंतर पुस्तक छापखान्यात.

जिनदासला झोप लागेना. त्याच्या डोळ्यापुढं चित्रच उभं राहिलं. कारंज्याला जायचं, चहा होऊ द्यायचा, आणि मग पिशवीतून पुस्तक काढून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवायचं. कव्हरवर एकच नाव. पारस बाजूला बसलेला. सासरे चष्मा पुसतायत. एवढंच पाहिजे होतं त्याला. पुढं मेला तरी चाललं असतं.

फोटो आला दशलक्षणाच्या, म्हणजे त्यांच्या जैनांच्या दहा दिवसांच्या पर्युषणाच्या, आदल्या दुपारी. एक बुटकी, पत्र्यानं मढवलेली गाडी वळणावर. मागं धूळ, धुळीमागं गर्दी. थोबाड फियाटसारखं वळवलेलं. भलेभले फसले असते. जिनदासनं फोटो मोठा केला, मागच्या चाकावर आला आणि थांबला. वळणावर ते चाक आतल्या बाजूला मुडपलं होतं. फियाटचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध, तिचं चाक असं मुडपायचं नाही. दोन्हीकडची चाकं वेगवेगळी हलतात ती हेराल्डची. हेराल्ड होती ती! गल्ल्यावरून उठून तो उगाच दुकानात दोन चकरा मारून आला. आता लिहायचं, तेवढ्यात फोन वाजला. पारस.

"भाऊ, साल काढलं मी. पण गाडी काई समजून नाई राह्यली. तुमाले काय वाटते?"

जिनदासच्या डोक्यात चक्र फिरलं. आपण हेराल्ड लिहिलं की हा खाली साल लिहिणार, मेजरसाहेब म्हणणार वा वा, आणि कव्हरवर दोन नावं बसणार. वाशीम आणि जऊळका, शेजारी शेजारी. नाही. याला आधी सगळ्यांसमोर तोंडावर पडू द्यावं. मग शेवटच्या दिवशी आपण यायचं.

"फियाट होये," जिनदास म्हणाला. "इलेव्हन हंड्रेड. डोळे झाकून लिही."

"पक्कं, भाऊ?"

"मले काहून इचारून राह्यला मंग?"

"तसं नाई भाऊ, तुमी म्हटलं म्हणजे झालं," पारस म्हणाला आणि फोन ठेवला. जिनदासला त्या दिवशी दोन पोळ्या जास्त गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिर भरलं होतं. दशलक्षणाला जऊळक्याची मंडळी वाशीमलाच यायची. पूजा झाली, पंडितजी म्हणाले, कोणाला नियम घ्यायचा असेल त्यानं उभं राहून घ्यावा. पारस उठला, हात जोडले आणि म्हणाला, "दहा दिवस एकाशन." दिवसातून एकदाच जेवणार. सगळ्या मंदिरात कौतुकाची कुजबुज झाली. सासरे कारंज्याहून आले होते, त्यांनी भरल्या डोळ्यांनी मान हलवली. जिनदासला ती मान हललेली दिसली, आणि काय करतोय हे समजायच्या आत तो उभा होता. एकाशन आपल्याला झेपायचं नाही, मग याहून मोठं काय? लोकांना याहून अवघड काय वाटेल?

"माहा क्षमावाणीपर्यंत मोबाईलचा त्याग!"

मंदिरात एकदम गडबड उडाली. "वा जिनदासभाऊ!" पंडितजींनी आशीर्वाद दिला. सासरे पहिल्यांदा याच्याकडं, फक्त याच्याकडं बघून हसले. ते सुख जिनदासला चपला पायात घालेपर्यंत पुरलं. पायरीवर त्याला आठवलं की क्षमावाणी, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायचा दिवस, चतुर्दशीच्याही नंतर येते. हेराल्ड आता लिहिणार कोण?

भरल्या मंदिरात घेतलेला नियम. मोडायचा कसा? मोबाईल कपाटात गेला आणि किल्ली त्रिशलाच्या कमरेला.

पहिले दोन दिवस त्यानं काढले. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. "तुया मोबाईलवर पाह्य ना जरा. ग्रुपमध्ये काय चालू हाय."

त्रिशलानं लाटणं खाली ठेवलं. "सोता करा, दुसऱ्याकडून करवा, नाई तं केल्यावर बरं म्हणा, तिन्हीचं पाप सारखंच. लहानपणापासून आयकून राह्यले ना? मंग?"

"मी फक्त इचारलं."

"इतका जीव जाते तं नियम कायले घेतला?"

आता हिला काय सांगणार, की तुझ्या बापानं मान हलवली म्हणून! जिनदास खाली दुकानात जाऊन बसला. त्याला वाटायचं, आतापर्यंत पारसची फजिती झाली असेल. मग वाटायचं, त्या कोइमतूरवाल्याला मागचं चाक दिसलं असेल तर? कव्हरवर त्याचं नाव जाईल. मग वाटायचं, जाऊ दे, निदान पारसचं तरी जाणार नाही. आणि रोज मंदिरात पारस भेटायचा, उपासानं सुकलेला, हसरा, पाया पडायचा आणि काहीतरी गुपित असल्यासारखा बघायचा. फजिती झालेला माणूस असा हसतो होय? जिनदासला ते हसू दिवसभर पुरायचं.

क्षमावाणीच्या सकाळी स्नान करून त्यानं किल्ली मागितली. मोबाईल चार्जिंगला लावला आणि तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. संदेश धडाधड यायला लागले. अभिनंदन. अभिनंदन, वाशीम! टाळ्या, फुलं, हात जोडलेले. त्याला काही समजेना. तो वर वर सरकत पार पहिल्या दिवसापर्यंत गेला.

पारसनं लिहिलं होतं, "गाडी फियाट इलेव्हन हंड्रेडवर बांधलेली आहे. ही माझे मोठे साडू श्री. जिनदासभाऊ, वाशीम, यांनी ओळखली. साल मी काढलं आहे, पण कव्हरवर नाव त्यांचं एकट्याचंच द्यावं. चाळीस वर्षांची मेहनत त्यांची आहे."

खाली कोइमतूरच्या माणसानं शंका काढली होती, मागचं चाक हेराल्डचं वाटतं. त्याच्यावर सगळे तुटून पडले होते. वाशीम फियाट म्हणतं तर फियाटच. मेजरसाहेबांनी लिहिलं होतं, जिनदासजींनी स्वतः एकदा सांगावं. त्यावर पारसचं उत्तर होतं, "त्यांचा मोबाईलचा त्याग आहे. पण गाडीच्या बाबतीत ते चुकत नाहीत, माझी हमी." सगळ्यात खाली कव्हरचा फोटो. छापून झालेला. धुळीतली हेराल्ड, तिच्याखाली फियाट, आणि त्याच्याखाली एकच नाव.

जिनदास मोबाईल पुढ्यात ठेवून सतरंजीवर बसला. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. गाडी ओळखणाऱ्या जगातल्या पन्नास-साठ माणसांपुढं तो आता जन्मभर फियाटवाला राहणार होता, आणि ती हेराल्ड आहे हे त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. क्षमावाणीला धाकट्यानं मोठ्याकडं जायचं असतं. पारस सगळ्यांच्या आधी आला होता. त्यानं समोर बसून हात जोडले. "उत्तम क्षमा, भाऊ. वर्षभरात काई चुकलं असन तं माफ करा."

"उत्तम क्षमा," जिनदास कसंबसं म्हणाला.

पण पारस उठला नाही. "तसं तोंडदेखलं नाई, भाऊ. एक खरंच चुकलं. तुमी गाडी सांगतली ना, तवा मी लिहाले बसलो, अन् एक मिनिट मनात आलं का आपलंच नाव टाकावं. भाऊले काय समजते! बोटबी गेलं होतं. मंग लाज वाटली. त्या एका मिनिटाची माफी मागाची होती. दहा दिवस तेच डोक्यात होतं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी जिनदासला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. तो जळाला. एवढा तो कधीच जळाला नव्हता. घर, भजन, सासरे, सगळं एकीकडं, पण हा माणूस एका मिनिटाच्या लोभाची माफी मागायला सगळ्यांच्या आधी जिना चढून येतो! आणि आपण इथं सगळं पोटात ठेवून उत्तम क्षमा म्हणतो? यातही हाच पुढं? नाही. हे नाही होऊ द्यायचं.

"तुयं एक मिनिट काय सांगून राह्यला मले!" जिनदास ओरडलाच. "हेराल्ड होये ते! फोन आला तवाच मले माहीत होतं. मी मुद्दाम फियाट सांगतली तुले. तू तोंडावर पडला पाह्यजे म्हणून!"

त्रिशला चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. पारसचे हात अजून जोडलेलेच होते. ते खाली घ्यायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"काहून, भाऊ?" त्यानं विचारलं.

"जळतो मी तुयावर. आजचा नाई. लग्नापासून."

त्रिशलानं पुढं येऊन चहाचा कप पारसपुढं ठेवला, त्यानं तो घेतला नाही. चहा निवला. शेवटी तो उठला, नेहमीसारखा वाकून जिनदासच्या पाया पडला.

"क्षमा तं हायच, भाऊ. आजच्या दिवशी नाई कोण म्हणते." तो चप्पल घालताना थांबला. "मले गाडीतलं काई समजत नाई, हे तुमाले माहीत हाय. आता फोटो आला तं मी इचारू कोणाले?"

पारस जिना उतरून पुढच्या घरी क्षमा मागायला गेला. त्रिशलानं निवलेला कप उचलला आणि त्या एकाच नावाचं कव्हर दिसत असलेला मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "राहा आता एकटेच."